ज्वालामुखीच्या मुळांचा शोध

हिंदी महासागरात मॉरिशसच्या नैर्ऋत्येस सुमारे २०० किलोमीटरांवर रेयुन्यों नावाचे एक बेट आहे. इंग्रजी नकाशांत त्याचे नाव रियुनियन असे आढळते. बेट फ्रान्सच्या सत्तेखाली असून क्षेत्रफळाने ते आपल्या गोव्याहूनही लहान आहे. या बेटाच्या आग्नेय भागात २,६३२ मीटर उंचीचा एक ज्वालामुखी उभा आहे. त्याचे फ्रेंच नाव पितों द ला फुर्नेज, म्हणजे भट्टीचे शिखर. जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींत त्याची गणना होते. १९७७ साली त्याचा लाव्हारस डोंगर उतरून पितों सेंत-रोझ या गावात शिरला, अनेक घरे त्याने गिळली आणि गावच्या चर्चच्या दाराशी येऊन तो थांबला. या प्रसंगानंतर बेटावर कायमची वेधशाळा उभारण्यात आली.

वेधशाळेतील यंत्रे पुढील उद्रेकाची चाहूल घेण्याचा प्रयत्न करीत असतात. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. हा ज्वालामुखी त्या जागी मुळात असावाच का? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि त्याचे उत्तर शोधीत गेले असता ते थेट सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊन पोहोचते.

पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नाही. ते अनेक लहानमोठ्या भूपट्टांचे बनलेले आहे, आणि हे भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर इतक्या मंद गतीने सरकत असतात. जेथे एक भूपट्ट दुसऱ्याच्या खाली शिरतो, तेथे खाली जाणाऱ्या खडकातील पाणी वरच्या तप्त खडकांत मिसळते, त्यांचा वितळणांक उतरतो आणि शिलारस निर्माण होतो. जपान, इंडोनेशिया आणि अँडीज पर्वत येथील ज्वालामुखी या प्रकारचे आहेत. भारताच्या हद्दीतील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानाच्या पूर्वेस बॅरन बेटावर आहे, आणि त्याचेही कारण हेच आहे. जेथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, तेथेही समुद्राच्या तळाशी खालचा खडक वर येऊन वितळतो. जगातील बहुसंख्य ज्वालामुखींची अशा रीतीने व्यवस्था लागते. रेयुन्यों बेटाची मात्र लागत नाही. ते आफ्रिकी भूपट्टाच्या आत आहे, आणि अगदी जवळची भूपट्टसीमा म्हटली तरी ती सुमारे १,००० किलोमीटर दूर, समुद्राखालच्या पर्वतरांगेत आहे.

या प्रकारचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांचे आहे. जेम्स ड्वाइट डेना हा भूवैज्ञानिक १८४० च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या मोहिमेबरोबर तेथे गेला होता. बेटांच्या ओळीत आग्नेयेकडून वायव्येकडे जावे तसतसे डोंगर अधिकाधिक झिजलेले दिसतात, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे खडकांची वये काढण्यात आली, तेव्हा हे निरीक्षण खरे ठरले. आग्नेयेकडील मोठे बेट दहा लक्ष वर्षांहून कमी वयाचे, तर वायव्येकडील कौआई हे सुमारे ५० लक्ष वर्षांचे आहे. १९६३ साली कॅनडाचे टुझो विल्सन यांनी याचा उलगडा सुचविला. खाली एक तप्त स्थान आपल्या जागी स्थिर आहे आणि वरून भूपट्ट सरकतो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. चुलीवरचा तवा हळूहळू सरकवीत नेला, तर ज्या क्रमाने त्यावर डाग उमटत जातील, त्याच क्रमाने ही बेटे उमटत गेली. १९७१ साली अमेरिकेतील जेसन मॉर्गन यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. हे तप्त स्थान म्हणजे पृथ्वीच्या खोल प्रावरणातून वर येणाऱ्या उष्ण खडकाच्या उभ्या स्तंभाचे टोक होय, असे त्यांनी प्रतिपादिले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रावरण म्हणजे कवचाच्या खालचा, सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत पसरलेला थर. पृथ्वीच्या पोटात वितळलेल्या लाव्हाचा समुद्र उसळत असतो, अशी सामान्य कल्पना आहे. ती बरोबर नाही. प्रावरण हा घन खडक आहे. मात्र अतिशय तप्त असल्यामुळे लक्षावधी वर्षांच्या कालमानात तो घट्ट काकवीसारखा वाहतो. अधिक उष्ण खडक हलका होऊन वर चढतो, आणि पृष्ठभागाजवळ आल्यावर त्यावरील दाब कमी झाला की त्याचा थोडासा अंश वितळतो. तोच शिलारस होय. मॉर्गन यांचा स्तंभ म्हणजे अशा संथपणे वर येणाऱ्या घन खडकाचा प्रवाह आहे.

रेयुन्यों बेटाला ही कल्पना लावून पाहिली असता फार मोठा इतिहास उलगडतो. रेयुन्योंच्या ईशान्येस मॉरिशस, तेथून उत्तरेस समुद्राखालचे मास्करीन पठार, पुढे चागोस बेटे, मालदीव, लक्षद्वीप, आणि अखेरीस भारताचा पश्चिम किनारा, अशी ही साखळी आहे. १९८७ साली ‘जॉइडीस रेझोल्युशन’ या जहाजावरून समुद्राच्या तळाला वेध घेऊन या रेषेवरील बेसाल्टचे नमुने काढण्यात आले. मालदीवजवळील खडक सुमारे ५ कोटी ७० लक्ष वर्षांचा, तर चागोसजवळील सुमारे ४ कोटी ९० लक्ष वर्षांचा भरला. दक्षिणेकडे यावे तसतसे वय उतरत जाते आणि उत्तरेकडे चढत जाते. या चढत्या क्रमाचे शेवटचे टोक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्ट. अजूनही सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून असलेला, महाबळेश्वर-माथेरानचे कडे ज्याचे बनले आहेत, अजिंठ्याची आणि वेरूळची लेणी ज्यात कोरली गेली आहेत, तो हा कातळ. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असता तो या तप्त स्थानावरून गेला, असा या सर्वांचा अर्थ लावला जातो. सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी समुद्राखालची पर्वतरांगच त्या स्थानावरून ओलांडून गेली. म्हणून साखळीचा उत्तरेकडील भाग भारतीय भूपट्टावर, तर दक्षिणेकडील भाग आफ्रिकी भूपट्टावर राहिला आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवरील मजुरीसाठी जी मराठी कुटुंबे कोकणातून मॉरिशसला गेली, ती एका काळ्या कातळावरून निघून त्याच घराण्यातील दुसऱ्या कातळावर उतरली, असे म्हणावयास हरकत नाही.

विचार म्हणून हे सर्व सुसंगत आहे. परंतु तो स्तंभ कोणी पाहिला होता? आणि तो पाहावयाचा तरी कसा? मानवाने खणलेले सर्वांत खोल उभे विवर रशियातील कोला द्वीपकल्पावर आहे. १९८९ साली त्याची खोली १२,२६२ मीटरपर्यंत पोहोचली, आणि तेथेच ते थांबले. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. या मानाने ते विवर आंब्याच्या सालीवर ओढलेल्या ओरखड्याइतकेही नाही. त्या खोलीवर जाऊन परत येणारा, आणि आपण काय अनुभवले हे सांगणारा साक्षीदार एकच आहे. तो म्हणजे भूकंपाची लहर.

या साक्षीदाराची भाषा प्रथम ज्यांनी उलगडली, त्यांत भारतात काम केलेल्या एका भूवैज्ञानिकाचे स्थान मोठे आहे. १२ जून १८९७ रोजी शिलाँग पठार आणि आसामचा प्रदेश प्रचंड भूकंपाने हादरला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाचा अभ्यास केला. दूर युरोपातील यंत्रांवरही त्याच्या नोंदी उमटल्या होत्या. त्या नोंदींत एकामागून एक येणाऱ्या तीन प्रकारच्या लहरी त्यांनी वेगळ्या ओळखल्या. प्रथम येतात त्या प्राथमिक लहरी; त्यांच्यात खडक पुढेमागे दाबला जातो. त्यानंतर दुय्यम लहरी. त्यांच्यात तो आडवा हेलकावतो. शेवटी पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लहरी येतात. १९०६ साली ओल्डहॅम यांनी या लहरींच्याच आधारे पृथ्वीला स्वतंत्र गाभा असल्याचे दाखवून दिले. आसामातील घरे ज्या हादऱ्याने कोसळली, त्याच हादऱ्यापासून पृथ्वीच्या अंतरंगाच्या ज्ञानाचा एक प्रवाह निघाला.

लहरींचा वेग खडकावर अवलंबून असतो. थंड व घट्ट खडकातून त्या झपाट्याने जातात. उष्ण खडकात मंदावतात. आणि खडकाचा थोडासा अंश जरी वितळलेला असला, तरी दुय्यम लहरी विशेषच मंदावतात. याचे प्रमाण किती? प्रावरणाच्या वरच्या भागात प्राथमिक लहर एका सेकंदात सुमारे ८ किलोमीटर धावते. २०० किलोमीटर रुंदीचा प्रदेश ओलांडावयास तिला २५ सेकंद लागतात. तो प्रदेश सभोवतालच्या खडकांहून शंभरएक अंशांनी अधिक तप्त असेल, तर तिचा वेग एखाद्या टक्क्याने घटतो आणि तिला पाव सेकंद उशीर होतो. हजारो किलोमीटरांच्या प्रवासात झालेला हा पाव सेकंदाचा उशीर, एवढ्याच पुराव्यावर पाताळाचा नकाशा काढावयाचा असतो.

एका लहरीच्या उशिरावरून काहीच सिद्ध होत नाही. पण अनेक लहरींचे उशीर एकत्र मांडले की चित्र उमटू लागते. रेल्वेचे उदाहरण घेतले म्हणजे ही रीत सहज ध्यानात येईल. मुंबईच्या स्थानकावर बसलेल्या मनुष्याला वाटेत काय घडले हे दिसत नाही. गाड्या किती उशिरा आल्या एवढेच कळते. समजा, कसाऱ्याच्या घाटातून येणाऱ्या सर्व गाड्या वेळेवर आल्या आणि बोरघाटातून येणाऱ्या सर्व गाड्यांना उशीर झाला. कल्याणच्या पुढे दोन्ही मार्ग एकच आहेत. तेव्हा अडथळा कल्याण ते मुंबई या टप्प्यात नाही, हे उघड आहे. कोल्हापूरची गाडी पुण्यास वेळेवर पोहोचली होती, असे आणखी कळले, की अडथळा पुणे आणि कल्याण यांच्या दरम्यान असला पाहिजे, हे बसल्या जागी सांगता येते. भूकंपशास्त्रज्ञ हेच करतो. तो पृथ्वीच्या अंतर्भागाची लहान लहान घरांत विभागणी करतो, प्रत्येक लहर कोणकोणत्या घरांतून गेली ते मांडतो, आणि सहस्रावधी समीकरणे संगणकाकडून सोडवून कोणत्या घरात वेग किती हे ठरवितो. क्ष-किरणांच्या साह्याने शरीराचे छेद दाखविणारे यंत्र १९७१ साली इंग्लंडमध्ये प्रथम रुग्णासाठी वापरले गेले. त्याच दशकात केईती आकी आणि त्यांचे सहकारी यांनी तीच पद्धत पृथ्वीला लावली. तिला भूकंपीय टोमोग्राफी असे नाव आहे.

तथापि रुग्णालयातील वैद्य आणि भूकंपशास्त्रज्ञ यांच्या स्थितीत मोठे अंतर आहे. वैद्य किरणांचा उगम हव्या त्या दिशेला फिरवू शकतो. भूकंप कोठे व केव्हा व्हावा, हे शास्त्रज्ञाच्या हाती नसते. ते बहुधा भूपट्टांच्या कडांवरच होतात. शिवाय भूकंपमापक यंत्रे बहुतांशी जमिनीवर, आणि पृथ्वीचा सुमारे ७० टक्के भाग समुद्राखाली. १९६० नंतरच्या दशकात अणुस्फोटांच्या चाचण्यांवर लक्ष ठेवता यावे म्हणून जगभर एकाच जातीच्या भूकंपमापकांचे जाळे उभारण्यात आले. पुणे, शिलाँग, कोडाईकनाल आणि दिल्ली येथेही त्यातील यंत्रे होती. त्या जाळ्याने विज्ञानाला फार मोठी सामग्री पुरविली. पण महासागर रितेच राहिले, आणि भूपट्टांच्या मध्यावरील ज्वालामुखी तर बहुधा महासागरांतच आहेत.

यातून जी अडचण उद्भवते ती केवळ अपुऱ्या माहितीची नव्हे. ती फसव्या चित्राची आहे. पुन्हा रेल्वेकडे वळू. एखाद्या स्थानकावर एकाच मार्गाने गाड्या येत असतील आणि त्या सर्वांना उशीर होत असेल, तर अडथळा त्या मार्गावर नेमका कोठे आहे हे सांगता येणार नाही. गणित अशा वेळी तो उशीर सगळ्या मार्गावर सारखा वाटून टाकते. मध्यसमुद्रातील एकाकी बेटावर दूरच्या भूकंपांच्या लहरी जवळजवळ सरळ खालून वर येतात. बेटाखाली शेदीडशे किलोमीटरांवर थोडा तप्त खडक असला, तरी संगणक तो उशीर खालपर्यंत ताणून एक लांबलचक उभा स्तंभ काढून दाखवितो. ज्याला स्तंभ पाहावयाचा आहे, त्याला तो दिसतोच. उलटपक्षी, खोलवर खरोखरच एखादा अरुंद स्तंभ असेल, तर लहरी त्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे जातात. वाटेत झालेला उशीर पुढे पुसला जातो, आणि असलेला स्तंभ चित्रात दिसत नाही. नसलेले दाखविणारी आणि असलेले लपविणारी ही साक्ष किती मानावयाची, हा प्रश्न म्हणून सदैव उभा राहतो.

या प्रश्नावर शास्त्रज्ञांमध्ये तीव्र मतभेद झाले. अमेरिकेतील डॉन अँडरसन आणि इंग्लंडमधील गिलियन फाउलगर यांनी खोल स्तंभांची कल्पनाच अमान्य केली. भूपट्टाला ताण बसून भेगा पडल्या की उथळ थरांतील खडक वितळून वर येतो, आणि तेवढ्याने अशा ज्वालामुखींचा उलगडा होतो, असे त्यांचे मत होते. २००४ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी लहरींचे वळसे जमेस धरणारी नवी गणितपद्धती वापरून अनेक तप्त स्थानांखाली खोल स्तंभ दिसत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या पद्धतीवरही वाद माजला. या टीकाकारांचे एक ऋण मात्र मान्य केले पाहिजे. चित्र छापून मोकळे होण्याऐवजी ते चित्र कितपत विश्वसनीय आहे याची कसून परीक्षा घेण्याची शिस्त त्यांच्या आक्षेपांमुळे अधिक दृढ झाली.

उपाय उघड होता. यंत्रे समुद्राच्या तळाशी नेली पाहिजेत. २००५ ते २००७ या काळात हवाई बेटांभोवती अशी यंत्रे ठेवण्यात आली, आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चित्रांत तेथील मंद वेगाचा प्रदेश प्रावरणाच्या खालच्या भागात उतरत असल्याचे दिसले. २०१५ साली बर्कली येथील स्कॉट फ्रेंच आणि बार्बरा रोमानोविच यांनी महासंगणकाच्या साह्याने लहरींच्या संपूर्ण नोंदी वापरल्या आणि अनेक तप्त स्थानांखाली गाभ्याच्या सीमेपर्यंत जाणारे स्तंभ दाखविले. हे स्तंभ अपेक्षेहून फारच रुंद होते, आणि सुमारे १,००० किलोमीटर खोलीच्या वर ते सरळ न राहता वळलेले होते.

रेयुन्योंची पाळी २०१२ साली आली. फ्रान्स आणि जर्मनी येथील शास्त्रज्ञांनी गिलेम बारुओल व कारिन सिगलोख यांच्या नेतृत्वाखाली बेटाभोवती सुमारे २,००० किलोमीटर लांबीरुंदीच्या सागरात ५७ भूकंपमापके तळाशी सोडली. हे काम सांगावयास सोपे, करावयास अवघड. प्रत्येक यंत्राला वजन बांधून ते जहाजावरून पाण्यात सोडतात आणि ते काही किलोमीटर खोल तळाशी जाऊन बसते. वर्षभर ते तेथे अंधारात एकटे असते. त्याच्याशी संपर्क नाही, आणि उपग्रहाकडून वेळ जुळवून घेण्याची सोयही नाही, कारण तो संदेश पाण्यातून जात नाही. म्हणून पाण्यात सोडण्यापूर्वी आणि वर काढल्यानंतर त्याचे घड्याळ ताडून पाहतात व मधल्या काळातील चूक हिशेबाने वजा करतात. पाव सेकंदाच्या उशिराचा माग काढावयाचा असता घड्याळाची चूक क्षम्य नसते. वर्षाअखेरीस जहाज पुन्हा त्या जागी येऊन ध्वनीचा संकेत पाठविते. वजन सुटते, आणि यंत्र तरंगत वर येते. २०१३ च्या अखेरीस ही यंत्रे वर काढण्यात आली.

त्या नोंदी आणि जगभरच्या इतर नोंदी एकत्र करून काढलेले चित्र २०२१ साली प्रसिद्ध झाले. मॉर्गन यांनी कल्पिलेला सडपातळ, सरळ स्तंभ त्यात नव्हता. त्याऐवजी दिसला तो एक विशाल वृक्ष. सुमारे १,५०० किलोमीटर खोलीच्या खाली आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागाखाली त्याचे जाड खोड आहे आणि ते गाभ्याच्या सीमेपर्यंत उतरले आहे. खोडाच्या माथ्यापासून तीन फांद्या तिरप्या वर जातात आणि त्या निरनिराळ्या तप्त स्थानांकडे पोहोचतात. रेयुन्यों त्यांपैकीच एक होय. फांदी तिरपी असली तरी खडक तिरपा वाहत नसावा, असे या शास्त्रज्ञांचे मत आहे. उष्ण खडकाचे अजस्र गोळे एकामागून एक सुटून सरळ वर चढतात, आणि निरनिराळ्या वेळी निघालेल्या त्या गोळ्यांची ओळ आपल्याला तिरप्या फांदीसारखी दिसते. असा गोळा प्रावरणाच्या वरच्या भागात पोहोचला म्हणजे प्रथम त्याच्या माथ्यातून प्रचंड उद्रेक होतो, आणि मागाहून शेपटीतून बारीक धार दीर्घकाळ चालू राहते. हा विचार मान्य केला तर दख्खनचा विशाल कातळ म्हणजे त्या माथ्याचे काम, आणि रेयुन्योंचा आजचा ज्वालामुखी म्हणजे ती सरत आलेली धार. ज्वालामुखीचे मूळ त्याच्या पायाखाली असते ही समजूत या चित्राने मागे सारली आहे. रेयुन्योंचे मूळ दूर दुसऱ्या खंडाखाली आहे.

तरीही हे एकच उत्तर सर्वत्र लावता येत नाही. चीन आणि उत्तर कोरिया यांच्या सीमेवर चांगबाई नावाचा ज्वालामुखी आहे. इसवी सन ९४६ च्या सुमारास त्याचा फार मोठा उद्रेक झाला होता, आणि आज त्याच्या मुखात एक रम्य सरोवर आहे. जपानच्या पूर्वेस जेथे पॅसिफिक भूपट्ट खाली शिरतो, त्या सीमेपासून हे स्थान हजार किलोमीटरांहून अधिक आत आहे. चीन, जपान आणि अमेरिका यांच्या शास्त्रज्ञांनी २००९ ते २०११ या काळात ईशान्य चीनमध्ये भूकंपमापकांचे दाट जाळे बसविले. येथे खोडाऐवजी निराळेच दृश्य दिसले. खाली शिरलेला पॅसिफिक भूपट्ट सुमारे ६६० किलोमीटर खोलीच्या आसपास जाऊन आडवा पसरला आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या आडव्या भूपट्टात एक खिंड आहे, आणि त्या खिंडीतून खालचा तप्त खडक वर येत असावा. बाहेरून दोन्ही ज्वालामुखी भूपट्टाच्या आतले. परंतु एकाचा संबंध गाभ्याच्या सीमेशी, तर दुसऱ्याचा दूरच्या भूपट्टाच्या खचण्याशी. लहरींच्या साक्षीवाचून हा भेद उमगला नसता.

या शोधाचे व्यावहारिक महत्त्वही थोडे नाही. अशी चित्रे रंगीत छापली जातात आणि मंद वेगाच्या प्रदेशाला प्रथेने तांबडा रंग देतात. पाहणाऱ्यास वाटते, खाली आगीचा डोह आहे. वास्तविक तांबडा रंग एवढेच सांगतो की तेथे लहरी एखाद-दोन टक्क्यांनी मंदावल्या. अमेरिकेतील यलोस्टोन उद्यानाखाली कवचाच्या खालच्या भागात सुमारे ४६,००० घन किलोमीटरांचा एक शिलारसयुक्त प्रदेश असल्याचे २०१५ साली जाहीर झाले, तेव्हा आकडा वाचून लोक चकित झाले. परंतु त्याच संशोधनानुसार त्यातील वितळलेला अंश केवळ २ टक्के होता. उरलेला सर्व घन खडक. पुढे अधिक सूक्ष्म पद्धतीने वरच्या साठ्यातील द्रवाचा अंश पूर्वी मानला होता त्याहून अधिक असल्याचे २०२२ साली दिसून आले. तरीही तो उद्रेकास आवश्यक मानल्या जाणाऱ्या प्रमाणाहून बराच कमी होता. भय किती बाळगावयाचे आणि सावधगिरी किती, हे ठरविण्यासाठी चित्राइतकेच चित्राचे वाचन महत्त्वाचे असते.

महाराष्ट्रालाही हे लागू आहे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप यांनी येथील घरादारांची राखरांगोळी केली. अशा वेळी, ज्वालामुखीच्या खडकावर वसलेल्या या भूमीत तो ज्वालामुखी पुन्हा जागा तर होणार नाही ना, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर स्पष्ट आहे. हे भूकंप बेसाल्टखालील पुरातन खडकांतील भेगांच्या सरकण्याने झाले; शिलारसाचा त्यांच्याशी संबंध नाही. वज्रेश्वरीसारखे उष्ण झरेही, खोल जाऊन तापलेले पाणी भेगांतून वर आल्यामुळे निर्माण होतात. ज्या तप्त स्थानाने दख्खनचा कातळ दिला असे मानतात, ते मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक दूर राहिले आहे.

त्याच्या भेटीच्या खुणा मात्र लहरींना अजूनही सापडतात. १९९९ साली वायव्य भारताखाली, खंबातच्या आखाताच्या परिसरात, मंद वेगाचा एक प्रदेश आढळला. तो दख्खनच्या उद्रेकाचा अवशेष असावा, असा तर्क मांडण्यात आला. २००७ साली हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील आणि जर्मनीतील शास्त्रज्ञांनी भूकंपलहरींच्या साह्याने भारतीय भूपट्टाची जाडी मोजली. एकेकाळी भारताला जोडलेल्या इतर खंडांची जाडी १८० ते ३०० किलोमीटर, तर भारताची केवळ १०० किलोमीटर भरली. खालून आलेल्या उष्णतेने भूपट्टाचा तळ वितळून गेला, तो हलका झाला, आणि म्हणूनच भारत एकेकाळी वर्षाला १८ ते २० सेंटिमीटर इतक्या असाधारण वेगाने उत्तरेकडे धावला, असे त्यांचे अनुमान आहे. ते खरे असेल, तर हिमालय उभारणाऱ्या त्या धडकेच्या वेगालाही याच अंतस्थ अग्नीचा हातभार लागला, असे होईल.

या अनुमानांपैकी कोणती टिकतील आणि कोणती गळून पडतील, हे नव्या नोंदी ठरवितील. सुमात्रात, चिलीत किंवा जपानात भूकंप होतो. मनुष्यांच्या दृष्टीने ती आपत्तीच असते. परंतु त्याच क्षणी त्याच्या लहरी आफ्रिकेखालच्या त्या तप्त खोडातून वाट काढू लागतात, आणि काही मिनिटांत कोठल्या तरी वेधशाळेतील किंवा सागरतळावरील यंत्रापाशी, थोड्याशा उशिराने, येऊन पोहोचतात. तो उशीर काळजीपूर्वक मोजून ठेवण्याचे काम जगभर अखंड चालू आहे.